कवितेत आपली माय दिसली, तर ते वाचन नाही?

यावलची_बाई
परवा इथेच एका ज्येष्ठ वाचकांनी लिहिलं: ‘पुस्तकाबद्दल बोला म्हटलं की लोक स्वतःच्या आजीबद्दल बोलतात. दहावीच्या कृतिपत्रिकेतल्या स्वमताच्या, म्हणजे स्वतःचं मत लिहायच्या प्रश्नाने ही खोड शाळेतच लागते. कवितेत कविता बघा, आपली माय शोधू नका.’ रात्री वाचलं, डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी यावल तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये सतरा वर्षं मराठी शिकवते. दिवाळीनंतर माझ्या वर्गातली कितीतरी पोरं कापूस वेचायला जातात. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना लागून लागून त्यांची बोटं अशी होतात की पेन धरवत नाही. या पोरांसमोर मी बहिणाबाईंची गाणी घेते. मागच्या वर्षी एका मुलाने, वर्षभर तोंड न उघडणाऱ्या, स्वमतात लिहिलं: आमच्या घरी जातं नाही. माय दळणाचा डबा गिरणीत ठेवते. लाइट गेली की डबे रांगेत राहतात आणि बाया ओट्यावर बोलत बसतात. कोणी गात नाही. आजी सांगते, जात्याच्या घरघरीत बोललेलं ऐकू जात नाही, म्हणून गायचं.

बाकी बहुतेक वह्यांत गाइडमधली तीच चार वाक्यं होती. या एका वहीपाशी मी थांबले. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा विचारतो, ‘मॅडम, ओवीची ओळ एवढीच का असते? जातं एकदा फिरायला जेवढा वेळ लागतो तेवढीच का?’

साडेतीन चरणांची ओवी, शेवटचा चरण आखूड, हे मी सतरा वर्षं फळ्यावर लिहीत आले. तो आखूड का, हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही कधी स्वतःला विचारलं नव्हतं. हा मुलगा त्या प्रश्नापर्यंत गिरणीच्या ओट्यावरून, त्याच्या मायच्या डब्यापासून आला. छंदशास्त्राने त्याला तिथे नेलं नाही. असं असताना मायला शोधू नका म्हणायचं?

जुना_वाचक_जळगाव
ती पोस्ट माझीच, म्हणून उत्तर देतो. बाई, तुमच्या मुलाचा प्रश्न उत्तम आहे. पण बाकीच्या वह्यांचं काय? ‘माझी आईसुद्धा खूप कष्ट करते’ हेच ना? मी एका तालुक्याच्या गावी पुस्तकावरच्या चर्चेला गेलो होतो. दोन तास चालली. अकरा जण बोलले. कोणाचा बाप, कोणाची विहीर, कोणाचं कर्ज. पुस्तकातलं एक वाक्य कोणी वाचून दाखवलं नाही. मी पुस्तक उघडून पान वाचायला लागलो, तर संयोजक म्हणाले, वेळ संपली. लेखकाने वर्षानुवर्षं घासून लिहिलेलं वाक्य आणि आपण त्याच्यावर आपली पिशवी टांगून निघून जातो. याचा मला राग येतो आणि येत राहील.

‘कोसला’चं तेच. १९६३ ची कादंबरी. इकडून पुण्याला शिकायला गेलेला प्रत्येक पोरगा म्हणतो, मीच पांडुरंग सांगवीकर. अरे, मग त्या कादंबरीत भाषेचं काय केलंय ते कोण बघणार?

रावेर_ते_कोथरूड
अण्णा, हे मला लागलं, कारण तो पोरगा मीच. २००९ ला पुण्यात आलो. हॉस्टेलवर कोणीतरी ‘कोसला’ दिली. मेस, उधारी, घरचं पत्र, सगळं माझंच वाटलं आणि मी ते सगळ्यांना सांगत फिरलो, तुमचं खरं. मग पांडुरंगच्या बहिणीच्या, मनीच्या मरणाचा भाग आला. माझी आत्या लहानपणीच गेली. घरात तिचं नावही निघायचं नाही. आबा तिचा विषय निघाला की गोठ्यात जायचे. तो भाग वाचल्यावर मी सुट्टीत घरी आलो आणि आबांना पहिल्यांदा विचारलं, ती कशी होती. आबा रात्री एक वाजेपर्यंत बोलत होते. ती केळीच्या सोपटाच्या बाहुल्या करायची, हे मला तेव्हा कळलं.

आता सांगा, मी पुस्तकावर पिशवी टांगली का? पुस्तकाने मला घरी पाठवलं.

जुना_वाचक_जळगाव
तुमच्या आबांबद्दल मनापासून आदर. पण हे तुमच्या घराबद्दल झालं. पुस्तकाबद्दल अजून काहीच झालं नाही.

अमळनेरकर
गुरुजींचं काय मग? साने गुरुजी १९२४ पासून आमच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते, छात्रालयही त्यांनीच सांभाळलं. ‘श्यामची आई’ मात्र त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, आणि त्यातलं घर कोकणातलं. आम्ही समुद्र पाहिलेला नव्हता, फणसाचं झाड पाहिलेलं नव्हतं. तरी माझी माय चुलीपुढे ऐकता ऐकता भाकरी करपवायची. आपल्या अहिराणीच्या बहिणाबाईंना तर शाळासुद्धा नव्हती. त्यांनी जगण्यातूनच...

लेवा_पाटीदार_सावदा
थांबा भो. अहिराणीच्या बहिणाबाई? किती वेळा सांगायचं. बहिणाबाई असोद्याच्या. त्यांची बोली लेवा गणबोली. त्यांच्या गाण्यात ‘माझी माय’ आहे, अहिराणीतलं ‘मनी माय’ नाही. ‘आहे’ आहे, ‘शे’ नाही. ‘डोळे’चं ‘डोये’ होतं, तसं आमच्या घरात केळीचं ‘केयी’ होतं. पुण्यामुंबईच्या माणसाने गोंधळ केला तर समजू शकतो. अमळनेरच्या माणसाने करावा?

अमळनेरकर
भाऊ, आपल्या खानदेशच्या असं म्हणायचं होतं. एवढं अंगावर येण्यासारखं काय बोललो?

लेवा_पाटीदार_सावदा
अंगावर येणार. सोपानदेवांनी मायच्या तोंडून ऐकून लिहून ठेवलं नसतं तर ती गाणी १९५१ ला तिच्याबरोबरच गेली असती. पुस्तक १९५२ ला आलं. एवढी नशिबाने वाचलेली बोली, आणि तिच्यावर दुसऱ्याच बोलीची पाटी लावायची! माझी आजी रावेरकडची. ती गेली तशी आमच्या घरातून निम्मे शब्द गेले. तिचा ‘य’ मी माझ्या पोरांना कुठून आणून देऊ?

धुळ्याची_सून
आणि अहिराणीचं कोण विचारतं? इंग्रजांच्या काळात ग्रिअर्सनने भाषा सर्वेक्षणात खानदेशीला भिली भाषांसोबत बसवलं, शाळेत बाई म्हणायच्या ही अशुद्ध मराठी. २००१ च्या जनगणनेत अहिराणी धरून खानदेशी भाषा सांगणारे वीस लाखांच्या वर होते, २०११ मध्ये साडेअठरा लाखांच्या आसपास. माणसं वाढली आणि भाषा बोलणारे घटले. तुम्हाला निदान एक बहिणाबाई आहेत, दादा. आमच्याकडे यूट्यूबवरची गाणी आहेत.

जुना_वाचक_जळगाव
ती गाणी साहित्य आहेत, असं म्हणणार का आता? डीजेवर वाजणारी, एका चालीवर दहा बसवलेली. मूळ विषय कुठे आणि आपण कुठे चाललो.

धुळ्याची_सून
मूळ विषय हाच आहे. ऐका. माझं माहेर साक्रीकडचं. लग्नानंतर पुण्याला आले. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत माझ्या तोंडून ‘शे’ निघून गेलं आणि समोरची दोघं हसली. त्या दिवसापासून मी मायशी फोनवरसुद्धा ऑफिसात मराठीत बोलायला लागले. ती तिकडून विचारायची, ‘जेवनी का?’ मी इकडून म्हणायचे, ‘हो, जेवले.’ दहा वर्षं. मुलीला तर अहिराणीचा एक शब्द दिला नाही.

मागच्या वर्षी मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला मुलींनी अहिराणी गाणं घेतलं. पुण्यातल्या मुली, त्यातली एकही खानदेशची नाही. पोरगी घरी येऊन मला विचारते, ‘आई, या ओळीचा अर्थ काय?’ मी सांगितला. ‘तुला कसं येतं?’ मी तिला मायला फोन लावून दिला. सात वर्षांची पोर आजीला ते गाणं म्हणून दाखवत होती आणि माय पलीकडून तिचे उच्चार दुरुस्त करत होती. माय रडत होती, मी स्वयंपाकघरात रडत होते. अण्णा, त्या गाण्याची रचना कशी आहे, मला माहीत नाही. माझ्या घरात माझी भाषा त्याने परत आणली. हलकं म्हणा, बाजारू म्हणा. मी त्याला हलकं म्हणणार नाही.

लेवा_पाटीदार_सावदा
ताई, मुलाखतीतली ती दोघं मला भेटायला पाहिजे होती. मघाशी मी जास्त बोललो. बहिणाबाई लेवा गणबोलीच्या, यावर मात्र ठाम आहे.

अमळनेरकर
मान्य, भाऊ. लेवा गणबोलीच्या. आता पुढे जाऊ द्या.

जुना_वाचक_जळगाव
ताई, ‘डीजेवर वाजणारी’ म्हटलं ते मागे घेतो. बाकी मागे घेत नाही, आणि का ते आता सांगतो, कारण इथे सगळ्यांनी घरचं सांगितलं.

माझे वडील रेल्वेत गँगमन होते, भुसावळ-जळगाव पट्ट्यात. भादलीजवळ रूळ ओलांडताना ते प्रत्येक वेळी माझा दंड धरायचे आणि म्हणायचे, इथे एक कवी गेला. धरणगावचे बालकवी. ५ मे १९१८, अठ्ठावीस वर्षंही पूर्ण नव्हती. कवितेआधी मला त्यांचं मरण ठाऊक झालं. मग शाळेत त्यांची कविता आली, हिरवळ, ओढा, ऊन, आणि मला प्रत्येक ओळीखाली रूळ दिसायचे. वडिलांचा हात दिसायचा. मी त्यांची एकही कविता पुरी वाचू शकत नव्हतो. कॉलेजात एक सर भेटले. म्हणाले, माणूस बाजूला ठेव, मरण बाजूला ठेव, फक्त शब्द मोठ्याने वाच. तेव्हा पहिल्यांदा मला तो हिरवा रंग दिसला. माझं आयुष्यच माझ्या आणि कवितेच्या मध्ये उभं होतं. ते बाजूला झालं तेव्हा कविता आली. म्हणून मी ते लिहिलं होतं.

यावलची_बाई
अण्णा, हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मी धागा काढलाच नसता. आयुष्य आडही येतं, हे मी धरलंच नव्हतं. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिचे वडील विहिरीत गेले. पाण्याची कविता आली की ती वही मिटते. मी तिला अजून ‘तुझा अनुभव लिही’ म्हणत होते. ते चुकलं माझं.

पण तुमच्या सरांनी ‘मरण बाजूला ठेव’ म्हटलं, ते तुमच्या मनात ते मरण होतं म्हणून. ज्याच्या मनात काहीच नाही, त्याला काय बाजूला ठेवायला सांगणार?

जुना_वाचक_जळगाव
हे उत्तर मला पटलेलं नाही. पण खोडताही येत नाही. तुमच्या मुलाची आधीची दहा ओळींची गोष्ट मला नको, शेवटचा प्रश्न हवा, असं मी म्हणणार होतो. ती गोष्ट नसती तर प्रश्न आला नसता, हे तुम्ही म्हणाल. म्हणा. त्या प्रश्नाचं उत्तर त्याला दिलंत का?

यावलची_बाई
नाही. टाळ्या वाजवून दाखवलं, त्याचं समाधान झालं नाही. जातं आणते म्हणाले होते. माझ्या माहेरी होतं, त्याचा वरचा दगड आता न्हाणीत पाय घासायला आहे. कोणाकडे चालू जातं आहे का? या सोमवारपासून पुन्हा तीच गाणी घेणार आहे.

लेवा_पाटीदार_सावदा
आमच्याकडे आजीचं आहे. खुंटा नवा ठोकावा लागेल आणि टाकी लावून घ्यावी लागेल, दगड गुळगुळीत झालाय. शनिवारी गाडी फैजपूरला येतेय, तिच्यात टाकतो. ज्वारी तुम्ही आणा.

जुना_वाचक_जळगाव
सोमवारी किती वाजता तास आहे?