रिकाम्या ट्रकचे स्टेअरिंग साठच्या वेगाला थरथरते

प्रश्न
आमची दहाचाकी गाडी लासलगावहून वाशीच्या बाजारात कांदा नेते. भरलेली असताना फारसा त्रास नसतो. परतताना मात्र ताशी ५५ ते ६५ किलोमीटरच्या दरम्यान एखादा खड्डा लागला, की स्टेअरिंग डावी-उजवीकडे थरथरू लागते आणि वेग बराच उतरवेपर्यंत थांबत नाही. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट (चाकांचे वजन समतोल करणे आणि त्यांची दिशा जुळवणे) करूनही फरक पडला नाही. डाव्या पुढच्या टायरची बाहेरची कड लवकर झिजते आहे. गॅरेजमध्ये स्टेअरिंग बॉक्स (स्टेअरिंगचे फिरणे चाकांकडे पोचवणारी गिअरपेटी) बदलायला सांगितले आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर १
बॉक्सला तूर्त हात लावू नका. बॉक्स झिजला तर स्टेअरिंगला मोकळा फेर येतो आणि गाडी सरळ धरवत नाही. खड्ड्यानंतर सुरू होऊन टिकणारी थरथर बहुधा चाकाजवळच्या ढिलाईतून येते. भरलेल्या गाडीत पुढच्या अॅक्सलवर वजन असल्यामुळे ती दबून राहत असावी.

मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढचा अॅक्सल जॅकवर उचलून खाली स्टँड द्या आणि टायरखाली पहार घालून चाक वर-खाली हलवा. ढिलाई जाणवली, तर हवेचा दाब पुरेसा असताना दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक लागला की हब (चाक ज्यावर बसते तो फिरणारा भाग) नकलशी (हबला धरून चाकासोबत वळणाऱ्या भागाशी) बांधला जातो. त्यामुळे ढिलाई नाहीशी झाली तर दोष हबच्या बेअरिंगचा आणि तशीच राहिली तर किंगपिन (नकल ज्या उभ्या पिनवर वळते ती) किंवा त्याच्या बुशचा (पिन ज्या नळीत बसते तिचा). टायरॉड (दोन्ही पुढची चाके जोडणारा दांडा) आणि ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) मात्र चाके जमिनीवर असतानाच पाहावीत: एकाने स्टेअरिंग थोडे थोडे हलवावे, दुसऱ्याने प्रत्येक जॉइंटवर हात ठेवावा. झिजलेला जॉइंट हाताला लगेच कळतो.

किंगपिन ढिला असताना केलेल्या अलाइनमेंटला काही अर्थ नाही, हे गॅरेजवाल्याने आधी सांगायला हवे होते.

उत्तर २
टायरवरून तळहात आडवा फिरवून पाहा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर टो (वरून पाहता पुढची चाके आत किंवा बाहेर वळलेली असणे) बिघडला आहे. कड नुसतीच सपाट झिजली असेल, तर कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) बिघडला, म्हणजे पुन्हा किंगपिन किंवा वाकलेला अॅक्सल. ठिकठिकाणी खळगे पडले असतील, तर बॅलन्स, बेअरिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर पाहा. पुढे रिमोल्ड (जुन्यावर नवे रबर चढवलेला) टायर असेल, तर तो मागे टाका.

उत्तर ३
अलीकडे पाट्यांचे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांचे) काम झाले आहे का? अॅक्सल आणि पाट्यांमधली पाचर उलटी बसली, की कास्टर (बाजूने पाहता किंगपिनचा मागे-पुढे कल) बदलतो. तो प्रमाणाबाहेर वाढला तर थरथर होते, कमी पडला तर गाडी भरकटते. पाट्या आवळून धरणारे यू-बोल्टही पाहा, पाट्या मधोमध जोडणारा सेंटर बोल्ट तुटला असेल, तर अॅक्सल एका बाजूने सरकतो.

प्रश्नकर्ता
पाट्यांचे काम झालेले नाही. ब्रेक दाबूनही डाव्या चाकाची ढिलाई तशीच राहिली. खालच्या बुशचे ग्रीस निपल (ग्रीस भरण्याचे तोंड) बुजलेले निघाले. त्यात ग्रीस जातच नव्हते.

उत्तर १
मग दोन्ही बाजूंचे किंगपिन, बुश आणि थ्रस्ट बेअरिंग (नकलवर येणारे वजन पेलणारे) एकदमच बदला. बुश रीमरने (भोक मापात कापणाऱ्या हत्याराने) मापात काढून घ्या आणि नकल व अॅक्सलमधली फट शिम (पातळ चकती) घालून कंपनीने दिलेल्या मापात आणा. चाके उचललेली असतानाच, ताजे ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा. अलाइनमेंट त्यानंतर करा. डाव्या टायरची कड फार गेली असेल, तर तो पुढे ठेवू नका, नाहीतर थोडी थरथर उरेल आणि नव्या किंगपिनवर विनाकारण संशय येईल.