मदत हवी आहे : इंटरव्हलनंतर पटकथा ढेपाळतेय

मराठी फीचरची पटकथा लिहितेय, दुसरा ड्राफ्ट, ११२ पानं. तीन अंकी रचना धरलीय. पान २७ ला आईबाप ऊसतोडीला जातात, पोरगी दहावीसाठी आजीपाशी राहते. पान ५८ ला इंटरव्हल, बापाचा हात मोडलाय आणि मुकादम (तोडीला मजूर नेणारा) दारात येऊन म्हणतो, उचल (हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे) पूर्ण घेतलीय, आता अर्ध्या कोयत्यावर (नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता) कसं भागायचं, पोरीला पाठवा. इथपर्यंत वाचणारे सगळे गुंततात.

अडचण पान ६० ते ८५. ती उसाच्या फडात जाते, मोळ्या बांधते, रात्री कोपीत (मजुरांच्या झोपडीत) अभ्यास करते, सीन सुटे चांगले आहेत पण क्रम बदलला तरी काही फरक पडत नाही. भिंतीवर कार्डं लावून प्रत्येक दोन सीनमध्ये 'म्हणून' किंवा 'पण' बसतं का बघितलं, बहुतेक ठिकाणी 'आणि मग'च निघालं. मामेभावाचा ट्रॅक ९ पानांचा होता, तो काढला. बापाचा अपघात पान ८५ ला नेऊन पाहिला तर पहिला भागच रिकामा पडला.

फ्लॅशबॅक आणि लव्हस्टोरी नकोय, थिएटरसाठी आहे त्यामुळे इंटरव्हल लागणारच. शेवट ठरलाय, ती परीक्षेला बसते.

तर इंटरव्हलनंतर तिचं ध्येय परीक्षाच ठेवून अडथळे वाढवू, की मधे उचल फेडणं हे नवं ध्येय देऊ?