मदत हवी आहे: बुडालेल्या सिव्हिकसाठी जपानहून इंजिन आणायचंय, आरटीओ आणि पीयूसीचं काय?

नमस्कार मंडळी,

गाडी होंडा सिव्हिक, २००८ ची, पेट्रोल, मॅन्युअल, एमएच-०२ पासिंग. बाबांनी घेतलेली, आता मी चालवतो. पंधरा वर्षं भरल्यावर २०२३ मध्ये रीतसर पासिंग केलं, पर्यावरण कर भरला, आर.सी. पाच वर्षं वाढवून घेतली. म्हणजे कागदावर गाडी २०२८ पर्यंत ठणठणीत आहे. प्रत्यक्षात जुलैपासून सोसायटीत ताडपत्रीखाली उभी आहे.

झालं ते माझ्याच शहाणपणामुळे. अंधेरी सबवे पाण्यामुळे बंद होता म्हणून गल्लीबोळातून निघालो. पुढची रिक्षा गेली, मग आपणही जाऊ. पाणी बंपरच्या वर आलं आणि गाडी बंद पडली. तिथेच ढकलून बाजूला घेतली असती तर बहुतेक ऑइल बदलून आणि प्लग काढून भागलं असतं. मी पुन्हा स्टार्टर मारला. दुसऱ्यांदा ती क्षणभर सुरू झाली आणि खाडकन आवाज आला. पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर आला आणि कनेक्टिंग रॉडने मान टाकली. मिस्त्रीने खालून टॉर्च मारून दाखवलं, ब्लॉकला (इंजिनाच्या मुख्य धडाला) अंगठा जाईल एवढं भोक. विम्यात इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाच्या नुकसानीसाठीचं जादा संरक्षण) घेतलेलं नव्हतं, तो विषय तिथेच संपला.

ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटले, पण गॅरंटी द्यायला कोणी तयार नाही. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात दोन दिवस फिरलो. इंजिनं आहेत, पण ज्या गाडीतून काढलं तिचे कागद मागितले की समोरचा माणूस चहा मागवतो. एकाने तर थेट सांगितलं, ‘साहेब, तुमचा जुना नंबर यावर पंच करून देतो, कोणाला कळत नाही.’ मला कळतं ना! ते इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं तर पोलीस त्याच्याकडे नाही, माझ्याकडे येणार.

म्हणून जपान. तिथेही या सिव्हिकला हेच १.८ लिटरचं आर१८ए इंजिन होतं. एका निर्यातदाराने वापरलेल्या इंजिनाचे फोटो आणि कॉम्प्रेशनचे आकडे पाठवलेत. आकडे चांगले आहेत. गाडं अडलंय कागदांवर.

पहिली अडचण आयातीची. मी वाचलं त्याप्रमाणे भांडवली यंत्रसामग्री सोडून इतर वापरलेला माल डीजीएफटीच्या (केंद्राच्या परदेश व्यापार महासंचालनालयाच्या) परवानगीशिवाय आणता येत नाही. नवा माल असेल तर ही अट नाही. न्हावा शेवाच्या एका क्लिअरिंग एजंटने उपाय सुचवला: ‘मशिनरीचा सुटा भाग’ म्हणून दाखवू. इंजिनाचा ८४०७ हा शुल्क-क्रमांक सोडून भलत्याच नावाखाली आणायचं! खोटेपणा तर आहेच, पण माझं कामही होणार नाही. आरटीओला दाखवायला मला बिल ऑफ एंट्रीवर (आयात मालाच्या कस्टमच्या कागदावर) ‘इंजिन’ हा शब्द आणि त्याचा नंबर, दोन्ही हवेत. ते नसतील तर एवढ्या लांबून आणलेल्या इंजिनात आणि कुर्ल्याच्या इंजिनात फरक काय?

दुसरी अडचण प्रदूषणाची, आणि इथे मला सगळ्यात जास्त गोंधळ आहे. मुंबईत बीएस-३ (गाड्यांच्या धुराच्या भारत स्टेज नियमांचा तिसरा टप्पा) एप्रिल २००५ पासून लागू होतं (देशभर २०१० मध्ये झालं), त्यामुळे माझी गाडी बीएस-३ धरतात. पीयूसीला आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमच्या आत हवं. ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) माझेच ठेवणार असल्याने ते जमेल असं मिस्त्री म्हणतो, मलाही पटतं. पण पीयूसी म्हणजे धुराड्याच्या टोकाला नळी लावून घेतलेलं माप. गाडीला मूळ मान्यता मिळाली ती इथल्या इंजिनासकट अख्ख्या गाडीला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली इंजिन बदलायला आधी मंजुरी लागते, मंजुरीशिवाय बदललंच तर १४ दिवसांत कळवून आर.सी.वर नोंद करावी लागते. त्यात २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालणार नाहीत असं म्हटलंय. मग जपानच्या नियमांप्रमाणे बनलेलं त्याच नावाचं इंजिन ‘तेच’ धरतात का? की पुण्याच्या एआरएआयकडून (गाड्यांची चाचणी करून मान्यता देणाऱ्या संस्थेकडून) कागद आणा म्हणतात? एका गाडीसाठी तसली चाचणी करायची तर त्या पैशात दुसरी सिव्हिक येईल.

कोणी महाराष्ट्रात परदेशी इंजिन बसवून आर.सी.वर नवा नंबर चढवून घेतलाय का? ‘एजंट करून देतो’ हे उत्तर कृपया नको, तो काय करून देतो ते मला आता माहीत आहे.

भर: दोघांनी विचारलं की नुसता नवा ब्लॉक का नाही मागवत. नवा असल्याने परवानगीची कटकट टळेल, आणि हेड, इनटेक, सेन्सर सगळं माझंच राहील, म्हणजे प्रदूषणाचा प्रश्नही बराचसा सुटेल. सल्ला आवडला. पण इंजिन नंबर ब्लॉकवरच कोरलेला असतो आणि माझा मोडलाय तोही ब्लॉकच. सुट्या भागांतला ब्लॉक कोरा आला तर त्यावर नंबर कोणी आणि कोणाच्या लेखी परवानगीने पंच करायचा? सोमवारी अंधेरी आरटीओत हा एकच प्रश्न लेखी अर्जात विचारून पोच घेणार आहे. अर्जाचा मसुदा कोणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. निर्यातदाराला तोवर थांबायला सांगितलंय.