१९४७ च्या उन्हाळ्यातली, पण एकाच घराची कादंबरी सुचवा

चिंचगूळ
मंडळी, पुस्तक सासूबाईंसाठी हवंय. मराठी आणि हिंदी झरझर वाचतात, इंग्रजीला हात लावत नाहीत. आमच्या शेजारच्या सिंधी काकू अगदी तान्ह्या असताना कल्याणच्या निर्वासित छावणीत आल्या, म्हणजे आताचं उल्हासनगर. दुपारी दोघी पापड वाळत घालताना काकूंच्या आईच्या आठवणी निघतात. तेव्हापासून सासूबाईंनी धोशा लावलाय, "त्या वेळी माणसं घरात काय बोलत होती ते कुणी लिहिलंय का गं?"
आधी जून १९४८ पर्यंत जाऊ म्हणणाऱ्या इंग्रजांनी ३ जून १९४७ ला फाळणीची योजना जाहीर केली आणि अडीच महिन्यांत गाशा गुंडाळला. त्या अडीच महिन्यांतलं घर हवंय. ठरलेलं लग्न उरकायचं की पुढे ढकलायचं, म्हाताऱ्यांना कुठे पाठवायचं, घराला नुसतं कुलूप लावून भागेल का, असलं. पानोपानी प्रेतांची आगगाडी नको, झोप लागत नाही त्यांना. सुचवा.

जुनी_रद्दी
डोळे मिटून यशपाल यांची 'झूठा सच'. मूळ हिंदीच आहे, त्यामुळे सासूबाईंचा प्रश्नच मिटला. दोन खंड आहेत: 'वतन और देश' १९५८ चा, 'देश का भविष्य' १९६० चा.
लाहोरमधली भोला पांधे की गली, तिथलं बेताच्या मिळकतीचं पुरी कुटुंब, भाऊ जयदेव आणि बहीण तारा. सुरुवात होते आजीच्या मृत्यूने. गल्लीतल्या बायका जमतात, न्हावीण म्होरकी होऊन तालावर ऊर बडवून घेते आणि बाकीच्या तिच्यामागून. त्या स्याप्याच्या, म्हणजे पंजाबी बायकांच्या सामूहिक शोकाच्या, वर्णनात सुनांचे आपसातले हिशेबसुद्धा दिसतात. राजकारण गल्लीत शिरतं ते नंतर, आणि तेही कसं, तर वर्तमानपत्रातून आणि नळावरच्या भांडणातून.
तुम्ही लग्नाचं विचारलंत म्हणून सांगतो, ताराचं लग्न हाच पहिल्या खंडाचा कणा आहे. मुलगी शिकलेली, तिला तो मुलगा नको आहे, आणि पुरोगामी म्हणवणारा भाऊ ऐन वेळी कच खातो. शहर जळतंय आणि घरात वरातीची तयारी चाललीय. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो की ताराला जे भोगावं लागतं ते सौम्य नाही. प्रेतांची आगगाडी नको म्हणालात, पण हेही आधी कानावर असू द्या.

खवट_खारीक
'तमस' कशी कोणी सुचवली नाही अजून? भीष्म साहनी. निहलानींची मालिका दूरदर्शनवर १९८८ मध्ये लागली होती तेव्हा आमच्या चाळीत रस्ता ओस पडायचा.

जुनी_रद्दी
@खवट_खारीक, पुस्तक थोरच, वादच नाही. पण ते दंगलीचं पुस्तक आहे, घराचं नव्हे. डुक्कर मारण्यापासून सुरू होतं आणि माणसं बदलत राहतात. शिवाय त्यामागे आहे रावळपिंडीकडची मार्चमधली दंगल, उन्हाळा पुढेच. धागाकर्तीने अट स्पष्ट घातलीय.

खवट_खारीक
अटी पाळून चांगली पुस्तकं मिळाली असती तर काय हवं होतं. असो.

दिल्लीकर_उत्तरा
सासूबाईंसाठी नाही, पण @चिंचगूळ तुमच्यासाठी एक सुचवते, कारण तुम्ही मागितलंय ते नेमकं इथे आहे. अनिता देसाई, 'क्लिअर लाइट ऑफ डे', १९८०. बुकरच्या अंतिम यादीत होती त्या वर्षी.
जुन्या दिल्लीत यमुनेकाठचं दास कुटुंबाचं घर. बिम, तारा, राजा आणि सतत त्याच त्या ग्रामोफोनच्या तबकड्या वाजवत बसणारा धाकटा बाबा. आईवडील क्लबात पत्ते खेळण्यात दंग, पोरांना वाढवते ती मीरामावशी. गोष्ट सुरू होते खूप वर्षांनी, तारा माहेरी येते तेव्हा. मग दुसऱ्या भागात १९४७ चा उन्हाळा येतो.
आणि येतो कसा? दिल्ली पेटलेली आहे, पण ते या भावंडांना गच्चीवरून दिसतं, लांब, शहराच्या बाजूला. घरात राजाला क्षय झालाय. अंथरुणावर पडून तो शेजारच्या हैदर अलींची काळजी करतो, कारण त्यांच्या घरातल्या ग्रंथसंग्रहाने आणि मैफलींनी त्याला उर्दू कवितेचं वेड लावलंय. एका हिंदू घरातला मुलगा मुसलमान शेजाऱ्याच्या चिंतेने तडफडतो, आणि बहीण त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवते. मावशी दारूत बुडत चाललीय. देशाची वाटणी आणि घराची वाटणी शेजारी शेजारी ठेवलीय, पण लेखिका एकदाही बोट दाखवून "बघा हं" म्हणत नाही. हे मला फार आवडतं. आपल्याकडे असल्या विषयावर लिहिताना शेवटी कुणीतरी आजोबा भाषण देतातच.
वेग मात्र अतिशय संथ. काही घडेल म्हणून वाट बघणाऱ्यांनी वाटेला जाऊ नये.

बेळगावचा_बंडू
मराठीत काहीच नाही का हो? आपण फक्त वाचणार, लिहिणार कधी?

जुनी_रद्दी
आपल्याकडची होरपळ वेगळी होती आणि ती काही महिन्यांनी झाली, गांधीहत्येनंतर, १९४८ मध्ये. त्यावर व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' आहे. पुण्याहून गावाकडे निघालेली तरुण मुलं आणि वाटेत जळणारी घरं. बारकी आहे, दोन बैठकांत संपते, आणि एक शब्द जास्तीचा नाही. धाग्याच्या चौकटीत बसत नाही, पण सासूबाईंना मराठीच हवं असेल तर हीच द्या. त्यांच्या पिढीच्या बऱ्याच जणांनी आपल्या घरी हा विषय कुजबुजीतच ऐकलेला असतो.

खवट_खारीक
मग मीही चौकटीबाहेरचं सुचवतो. राही मासूम रझा, 'आधा गाँव'. गाझीपूर जिल्ह्यातलं गंगौली, शिया जमीनदारांची घरं, मोहरमच्या मातमाभोवती फिरणारी गोष्ट. पाकिस्तान नावाची वस्तू नेमकी कुठे आहे हेच गावातल्या लोकांना नीट उमगत नाही. भाषा भोजपुरी-उर्दू, शिव्या मुबलक.

चिंचगूळ
सगळ्यांचे आभार! 'आधा गाँव' मी वाचेन, सासूबाईंना शिव्यांचं वावडं नाही पण भोजपुरी जड जाईल. 'झूठा सच' मागवते. दोनच शंका. लाहोर भारतात येणार नाही हे गल्लीतल्या लोकांना कधी कळतं? काकूंची आई म्हणे शेवटपर्यंत "आपण परत जाऊ" म्हणायची. आणि एवढं जाड पुस्तक त्यांना मांडीवर धरवेल का?

जुनी_रद्दी
लोकांना आशा होतीच. रॅडक्लिफची रेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला, स्वातंत्र्य मिळून गेल्यावर. तोवर लाहोरच्या हिंदूंमध्ये "आपलं शहर, आपण कशाला सोडतोय" असं म्हणणारे पुष्कळ होते, आणि कादंबरीत तो हट्ट हळूहळू ढिला होताना दिसतो. आधी बायकापोरं नातेवाइकांकडे पाठवायची, मग दागिने, मग स्वतः.
काकूंच्या आईंचं म्हणाल तर सिंधचं प्रकरण पंजाबहून निराळं होतं. तिथे प्रांताची वाटणी झाली नाही, तो अख्खाच तिकडे गेला, आणि बरीच कुटुंबं कराचीतल्या जानेवारी १९४८ च्या दंगलीनंतर बाहेर पडली. त्यामुळे काकूंना पुस्तक वाचून दाखवणार असाल तर त्या "आमच्याकडे असं नव्हतं" म्हणतील, ते ऐकून घ्या.

दिल्लीकर_उत्तरा
आणि जाडीचं: आधी एकच खंड आणा. पहिल्या शंभरेक पानांत गल्लीतल्या माणसांची नावं भराभर येतात, तेव्हा कोण कुणाची सून, कोण कुणाचा मेहुणा ते एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकात खोचून द्या. दुसऱ्या खंडात गोष्ट दिल्लीकडे आणि जालंधरकडे सरकते, तोवर चिठ्ठी लागणार नाही.