जुन्या फायबर बोटीचा निळा रंग खडूसारखा झालाय. घासू, रंगवू की गुंडाळू?

डोलकाठी:

बोट देताना काका एवढंच म्हणाले होते, "निळी आहे." कागदोपत्री आहेच. प्रत्यक्षात हिचा रंग कोणता म्हणायचा, असं तीन जणांना विचारलं तर तीन उत्तरं आली. नुसता हात लावला तरी तळव्याला पांढुरकी निळी भुकटी लागते. परवा काळी पँट घालून तिला टेकून उभी राहिले आणि फळ्याला पाठ घासलेल्या मास्तरीणबाईसारखी घरी आले.

बोट २२ फुटी, १९८९ ची, फायबरग्लासची. वरचा जेलकोट, म्हणजे बाहेरचा रंगीत थर, मूळचाच आहे असं काका सांगतात, पण "इंजिन अगदी नवं आहे" असंही काकाच सांगतात. उजव्या बाजूला वर्षानुवर्षं दिवसभर ऊन लागायचं, ती बाजू जास्त गेलीय. मागच्या बाजूला जुन्या नावाची स्टिकरची अक्षरं होती. ती खरवडून काढली तर खाली तीच अक्षरं गडद निळ्या रंगात! म्हणजे स्टिकर गेले, नाव आहे तिथेच. पण मूळ निळा कसा होता ते पहिल्यांदा तिथे दिसलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

घरात गाडीचं वॅक्स होतं, ते एका रविवारी हाताने चोपडलं. दोन आठवडे बरी दिसली, मग पुन्हा खडू.

आता सल्ले असे मिळालेत: कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) मार, सरळ दोन घटकांचा (हार्डनर मिसळून लावायचा) पेंट दे, व्हिनाइलची चिकट फिल्म गुंडाळ, फरशीवर चकाकीला लावतात तसलं अॅक्रिलिक फास. प्रत्येकाला आपलाच उपाय एकमेव वाटतो. माझ्याकडे फक्त शनिवार-रविवार आहेत, बफिंग मशीन आयुष्यात हातात धरलेलं नाही. सुरुवात कुठून करू, आणि हात कुठे टेकायचे ते कसं कळेल?

लोकरी पॅड:

आधी एक बादली पाणी मारा आणि ओली असताना बघा. ओली असेपर्यंत निळी दिसते आणि वाळली की पुन्हा पांढरी पडते, असं असेल तर रंग गेलेला नाही, वरचा पृष्ठभाग खराब झालाय. जेलकोट म्हणजे रंगद्रव्य मिसळलेलं पॉलिएस्टर रेझिन. बोट साच्यात घडवतात तेव्हा सगळ्यात आधी साच्यात हाच थर फवारतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचं रेझिन कुजत जातं, पृष्ठभाग खडबडीत होतो, प्रकाश विखुरतो आणि डोळ्याला पांढुरकं दिसतं. पाणी त्या खाचा भरतं म्हणून तेवढ्यापुरता रंग परततो. तुमच्या वॅक्सनेही तेच केलं, फक्त दोन आठवडे.

काकांचं म्हणणं पडताळून घ्या. कुठल्यातरी आडबाजूला ॲसिटोनचा बोळा मिनिटभर धरा. रंग मऊ, चिकट झाला तर वर कोणीतरी एक घटकाचा पेंट दिलाय. काही झालं नाही तर तो जेलकोट असेल किंवा दोन घटकांचा पेंट. मग एखादी क्लीट (दोर बांधायची खुंटी) सोडवून तिच्या खालची कड बघा, वेगळ्या रंगाचा थर असला तर तिथे दिसतो. पेंट निघाला तर मी पुढे सांगतोय त्यातलं घासकाम करू नका, तो थर फार पातळ असतो.

जेलकोटही काही जाड नसतो म्हणा. साधारण अर्धा मिलिमीटर, कोपऱ्यांवर आणि धारांवर त्याहून कमी. आणि तुमच्या आधी कोणी किती घासलाय ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून सगळ्यात सौम्य उपायापासून सुरू करायचं आणि काम झालं की थांबायचं.

एक फूट बाय एक फूट जागा घ्या, सगळ्यात वाईट बाजूची. साबणाने धुवा. मग वॅक्स काढायचं द्रावण: एका फडक्याने लावा, वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचला, फडकी बदलत राहा. एकाच फडक्याने फिरलात तर वॅक्स फक्त इकडचं तिकडे होतं. गाडीच्या वॅक्समध्ये बरेचदा सिलिकॉन असतं. ते न काढता पॉलिश पेपर मारलात तर ते आत घासलं जातं, आणि पुढे कधी पेंट द्यायची वेळ आली की रंगाला माशाच्या डोळ्यांसारखी भोकं पडतात.

त्या चौकोनात आधी नुसतं कंपाउंड मारून बघा. चमक आली तर पॉलिश पेपरला हात लावू नका. तुमच्या वर्णनावरून मला ती आशा कमी वाटते, डाव्या बाजूला कदाचित. नाही आली तर पाण्याचा पॉलिश पेपर: १००० नंबर, मग १५००, मग २०००. पाण्यात साबणाचे दोन थेंब. कागद रबरी ठोकळ्यावर गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या जागी चर पडतात. प्रत्येक नंबरच्या आधी पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारा. सगळ्या रेघा गेल्या की तेवढी जागा झाली. नंबर बदलताना धुवायचं आणि घासायची दिशाही बदलायची, म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे शिल्लक आहेत का ते दिसतं. धारांवर टेप लावा. मी नाही लावली. माझ्या बोटीच्या नाकावर अंगठ्याएवढी जागा अशी आहे जिथून आतलं फायबर डोकावतं, आणि येणारा प्रत्येकजण नेमकं तेच विचारतो.

शांत समुद्र:

इतके शनिवार घालवण्यापेक्षा पेंट द्या आणि मोकळ्या व्हा. इपॉक्सी प्रायमर, वर दोन घटकांचं पॉलियुरेथेन. एकाने रोलरने लावायचं, दुसऱ्याने मागोमाग ब्रशच्या टोकाने हलकंच सारखं करायचं. नीट जमलं तर लोक विचारतात कुठे फवारून घेतलं.

लोकरी पॅड:

मोकळ्या कशा होतील? पेंटच्या आधीही घासायचं आहेच, वर पुट्टी, प्रायमर आणि पुन्हा घासणं. दव पडलं की चमक मारली जाते. हार्डनरमध्ये फुफ्फुसांना घातक असं आयसोसायनेट असतं. रोलरने लावतानाही योग्य मास्क हवा, आणि फवारणी तर बाहेरून हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय करूच नये, म्हणजे घरच्या घरी नाहीच. शिवाय हा पेंट सतत पाण्याखाली राहिला की फोड येतात, म्हणून तो वॉटरलाइनच्या, म्हणजे बोट पाण्यात बुडते त्या रेषेच्या, वरच थांबवायचा.

पेंट वाईट आहे असं नाही. जेलकोट घासून घासून संपला असेल किंवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडल्या असतील तर पेंटच. चिरांत पांढरं कंपाउंड जाऊन बसतं आणि त्या होत्या त्याहून उठून दिसतात. पण ते घासून बघितल्यावर ठरवायचं.

भरती-ओहोटी:

अॅक्रिलिकवाल्या सल्ल्याबद्दल बोलते, कारण ते पाप मी केलंय. पाच-सहा हात पातळसर पुसायचे, एका दुपारी काम होतं आणि बोट अशी चमकते की आपणच आपला फोटो काढतो. नियमाने दरवर्षी एखादा हात देणारे त्यावर खूश आहेत. मी दोन वर्षं काही केलं नाही. ते पिवळं पडलं आणि पोपडे सुटले, आणि ते काढायला जितके दिवस गेले तितक्यात दोन्ही बाजू पॉलिश करून झाल्या असत्या. खालची भुकटी नीट काढली नाही तर तीही आत कायमची बंद होते.

व्हिनाइलचंही तसंच. गुळगुळीत, भुकटी नसलेल्या पृष्ठभागावरच ते चिकटतं आणि खालचा प्रत्येक खड्डा वर दाखवतं. सिरॅमिक कोटिंग मारायचं तर आधी पूर्ण पॉलिश, नाहीतर खडूलाच कवच मिळतं. थोडक्यात, घासणं कशातच चुकत नाही.

वॉटरलाइनपाशी तपकिरी पट्टा असेल तर तो घासू नका. ऑक्झॅलिक ॲसिडचा क्लीनर हातमोजे घालून लावा, थोडा वेळ थांबा, भरपूर पाण्याने धुवा. डाग न घासता जातो.

डोलकाठी:

बादली मारली. निळी! अगदी त्या अक्षरांसारखी नाही, पण निळी. ॲसिटोनने काही झालं नाही, आणि क्लीटखाली एकच रंग. काका खरं बोलत होते, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

डाव्या बाजूचा चौकोन नुसत्या कंपाउंडने उजळला. उजव्या बाजूला तेच केलं तर धुरकट काचेसारखं दिसतंय, म्हणून १००० पासून गेले. एका फुटाला पाऊण तास लागला. खांदे माझे राहिलेले नाहीत. पण आता तिथे माझा चेहरा दिसतो, थोडा वाकडा. मशीन कुठलं घेऊ?

लोकरी पॅड:

फिरतं रोटरी लवकर कापतं, पण नवशिक्याच्या हातून जाळतंही. तुमच्या उजव्या बाजूला पेपरचे ओरखडे काढायचेत, म्हणून मी रोटरीच म्हणेन: लोकरी पॅड, मिनिटाला १००० ते १५०० फेरे, त्याहून जास्त नको. दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा घ्या आणि मशीन एका जागी क्षणभरही थांबवू नका. हात लावून बघत जा, गरम लागलं तर सोडून पुढे जा. उन्हात कंपाउंड लगेच वाळून चिकटतं, तेव्हा सावली असेल तीच बाजू धरा. वायर खांद्यावरून मागे टाका, नाहीतर पॅड तिला गुंडाळून घेतं. आणि अर्थिंगला गळती झाली तर वीज तोडणारा ब्रेकर असलेल्या सॉकेटवरच लावा, खाली सगळीकडे पाणी असणार.

नंतर फोमचं पॅड आणि बारीक पॉलिश. गडद रंगावर लोकरी पॅडची गोल-गोल वर्तुळं उन्हात स्पष्ट दिसतात, पांढरी बोट असती तर खपून गेलं असतं. शेवटी वॅक्स किंवा पॉलिमर सीलंट, आणि हा हात टाळू नका. आत्ता उघडा पडलेला ताजा जेलकोट तसाच उन्हात ठेवलात तर खडू परत यायला फार वेळ लागत नाही. वर्षातून दोनदा तरी वॅक्स. फक्त डेकवर पाय ठेवायच्या खरबरीत जागी लावू नका, घसराल.

डोलकाठी:

सहा शनिवार-रविवार. उजवी बाजू पूर्ण झाली, डावीला दोनच दिवस लागले. एका धारेवरची टेप सुटली होती ते मला उशिरा कळलं, तेव्हा अंगठ्याएवढी जागा आता माझ्याकडेही आहे.

मागच्या बाजूला मुद्दाम जास्त वेळ दिला, जुनी अक्षरं घालवायला. रंग एकसारखा झाला. पण स्टिकरखाली जेलकोट झिजलाच नव्हता, त्यामुळे ती अक्षरं केसभर उंच आहेत. तिरपं ऊन आलं की नाव अजून वाचता येतं. सपाट करायला अजून बराच थर काढावा लागला असता, तिथेच थांबले. काकांनी येऊन बघितलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "मी म्हटलं होतं ना, निळी आहे."

नवीन नावाचे स्टिकर करून ठेवले होते. ते अजून पिशवीतच आहेत.