शब्दचर्चा : ‘घेऊन ठेवलंय’ ते ‘राहून गेलं’

आमच्या वाचनगटात दर रविवारी सकाळी एकच प्रश्न असतो : आठवडाभरात काय वाचलंत? गेल्या रविवारी एका मैत्रिणीने उत्तर म्हणून नुसता फोटो टाकला. पलंगाशेजारचं स्टूल, त्यावर पुस्तकं, सगळ्यात वर चष्मा. खाली एवढंच, ‘हा माझा टीबीआर.’ पाच मिनिटांत आणखी सात-आठ स्टुलं, दोन खिडक्या आणि एका शिवणयंत्राचा फोटो आला. सगळीकडे तेच दृश्य. गटातल्या ज्येष्ठ काकांनी विचारलं, ‘टीबीआर म्हणजे काय? रक्ताची तपासणी का?’ ‘टू बी रेड’ असा उलगडा झाल्यावर त्यांचा दुसरा प्रश्न आला, आणि त्याने पुढचे तीन दिवस गट पेटता राहिला : ‘विकत घेतलेल्या पण न वाचलेल्या पुस्तकांच्या ढिगाला मराठीत शब्दच नाही का?’

तीन दिवसांत जे निघालं ते इथे मांडते. माझं मत मधूनमधून येईलच, खोडून काढायला मोकळीक आहे.

आधी ‘ढीग’ या शब्दालाच हरकत आली, आणि ती रास्त होती. ढीग म्हणजे कसाही पडलेला. मळलेल्या कपड्यांचा ढीग असतो, मातीचा असतो. पुस्तकं कुणी अशी ओतत नाही. मग कोल्हापूरच्या ताईंनी ‘चवड’ आणली. भाकऱ्यांची चवड, पत्रावळींची चवड. सपाट वस्तू एकावर एक नीट रचली की चवड. पुण्याकडून लगेच ‘चळत’ आली. रुपयांची चळत, पोळ्यांची चळत. या दोन्हींत फरक काय यावर बराच खल झाला. माझ्या कानाला चळत जरा जास्त नेटकी, कडेला कड जुळलेली वाटते. बाजारातल्या माणसाने ‘थप्पी’ म्हटलं. थप्पी पोत्यांची, विटांची, तिला वजन असतं. लहानपण गावात गेलेल्या एकाने ‘उतरंड’ सुचवली आणि सगळे गप्प झाले, कारण फोटोत खरंच तेच होतं. खाली मोठा जाडजूड कोश, त्यावर कादंबऱ्या, त्यावर कवितासंग्रह, टोकाला दिवाळी अंकाबरोबर फुकट आलेली पुस्तिका. मडक्यांची उतरंड अशीच रचतात, थोरलं तळाला. आणि खालचं मडकं काढायचं तर वरची सगळी उतरावी लागतात, म्हणून तळाचा कोश कुणी उघडतच नाही.

रास, गंजी, सुडी, गठ्ठा, मोळी हेही शब्द येऊन गेले. धान्याची रास, कडब्याची गंजी, लाकडाची मोळी. आपली भाषा ढीग पाहिला की आधी विचारते, कशाचा? पण तो ढीग पुढे वापरला जाणार आहे की नाही, हे यातला एकही शब्द सांगत नाही. काकांचा प्रश्न त्याबद्दल होता.

मग संस्कृतवाले आले. ‘वाचनयादी’ पहिल्याच फेरीत बाद. यादीवर धूळ बसत नाही. ‘आगामी वाचन’ एखाद्या कार्यक्रमपत्रिकेतून सुटून आल्यासारखं वाटतं. ‘अवाचित’ हा शब्द मात्र थोडा वेळ टिकला. अपठितपेक्षा तो बरा, कारण अपठित म्हटलं की शाळेतला अपठित उतारा आठवून पोटात गोळा येतो. पण अवाचित पटकन बोललं की ‘अयाचित’ ऐकू येतं, म्हणजे न मागता मिळालेलं. त्यावर एका सभासदाने, हे गृहस्थ बरेच सत्कार स्वीकारतात, लिहिलं : ‘माझ्या बाबतीत दोन्ही खरं. सत्काराची सगळी पुस्तकं अयाचित आणि म्हणूनच अवाचित.’ चर्चा तिथेच संपायला हवी होती.

सरळ ‘न वाचलेली पुस्तकं’ म्हणा की, असं कुणीतरी म्हणालं. त्यावर चिपळूणहून उत्तर आलं. तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात 22 जुलै 2021 च्या पुराचं पाणी शिरलं होतं. हे ग्रंथालय 1864 चं. त्यांनी लिहिलं, ‘पूर ओसरल्यावर आमच्याकडे कुणी वाचलेली पुस्तकं म्हणालं की पाण्यातून वाचलेली, असाच अर्थ निघायचा. आणि न वाचलेली म्हणजे चिखलाच्या गोळ्यासारखी उचलून टाकलेली. मला तो शब्द या गमतीसाठी नको.’

यावर थोडं थांबते. ‘वाचणे’ या एका रूपात आपण दोन क्रियापदं नांदवतो. हिंदीत ‘बाँचना’ वेगळं, ‘बचना’ वेगळं. गुजरातीत ‘वांचवुं’ वेगळं, ‘बचवुं’ वेगळं. मराठीत दोघांचं तोंड एक झालं आणि ग्रंथालयांच्या भिंतींना ‘वाचाल तर वाचाल’ ही पाटी मिळाली. गुजराती भाषांतर करायला घ्या, कोटी उडून जाते. शिवाय ‘वाचून’ हे शब्दयोगी अव्यय आहेच, विना या अर्थाचं. ‘पुस्तक वाचून करमेना’ आणि ‘पुस्तकावाचून करमेना’ यांत एका ‘का’चा फरक आणि माणूस पार उलटा.

हिशेबाचे शब्द बँकेतून निवृत्त झालेल्या मंडळींनी आणले. ‘थकबाकी’ला भरपूर मतं पडली, कारण प्रत्येकालाच थोडं अपराधी वाटत असतं. मी विरोधात होते. थकबाकी म्हणजे कुणाचं तरी देणं. पुस्तक घेतलं, पैसे दिले, आता मी लेखकाचं काय देणं लागते? त्यापेक्षा ‘शिल्लक’ बरा. ती आपलीच असते, गाठीला असते, अडीनडीला उपयोगी पडते. त्यावर एका तरुण सभासदाचा सवाल : ‘शिल्लक खर्च करून उरलेली असते, इथे खर्चाला सुरुवातच कुठे झालीय?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सगळ्यात गोड सूचना रायगडहून आली : ‘बेगमी’. पावसाळ्याआधी घरात तांदूळ, सुकी मासळी, मसाला, लाकूडफाटा भरून ठेवायचा, ती बेगमी. त्यांच्याकडे या साठवणीला ‘आगोट’ म्हणतात. गोव्याच्या बाईंनी लगेच ‘पुरुमेंत’ जोडला. तो पोर्तुगीजांकडून आलेला, आणि मे महिन्यात म्हापसा-मडगावला पुरुमेंताचं फेस्त भरतं, तिथे मिरच्या-कांद्याच्या माळा, सोलं, सुकी मासळी घ्यायला झुंबड असते. बेगमीचं मूळ फारसी : ‘बे’ आणि ‘गम’. ज्याला काळजी नाही त्याची अवस्था ती बेगमी; कोठी भरलेली आहे, आता कितीही कोसळू दे, अशी निश्चिंती. मग ती निश्चिंती देणारा साठा तोच बेगमी झाला. राजवाड्यातल्या बेगमेशी याचा संबंध नाही. उशाशी चाळीस पुस्तकं असली की मला अगदी हेच वाटतं. वाचली नाहीत तरी चालेल, पण आहेत.

माझं मत बेगमीकडे झुकलंच होतं, तेवढ्यात त्याच गोव्याच्या बाई म्हणाल्या, ‘पण बेगमी संपते हो. दसऱ्यापर्यंत डबे रिकामे होतात. तुमची पुस्तकं कुठे संपतात?’ मुद्दा बिनतोड. बेगमी फार तर दिवाळी अंकांना शोभेल. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत ही वार्षिक भरणी चालू आहे. आठ-दहा अंक एकदम घ्यायचे किंवा लायब्ररीची खास वर्गणी भरायची, आणि पुरवून पुरवून शिमग्यापर्यंत न्यायचे. निदान आमच्या घरी तरी शिमग्यानंतर दिवाळी अंकाला कुणी हात लावत नाही, तो थेट रद्दीकडे वळतो. ही खरी बेगमी. कादंबऱ्यांचं तसं नाही.

खरी वाट सापडली ती जपानीतून, जरा वळसा घेऊन. पुस्तकं आणून न वाचता रचून ठेवण्याला जपानीत ‘त्सुंदोकु’ म्हणतात, हे हल्ली सगळ्यांना पाठ झालंय. मेइजी काळातला, म्हणजे 1868 ते 1912 मधला शब्द. आमच्यात जपानी शिकलेली एक मुलगी आहे. तिने सांगितलं की हा शब्द म्हणजे शब्दखेळ आहे. ‘त्सुंदे ओकु’ म्हणजे रचून ठेवणे, आणि ‘दोकु’ म्हणजे वाचन. दोन्ही एकमेकांत अडकवले. मग ती म्हणाली, ‘हे “ओकु” म्हणजे अगदी आपलं “ठेवणे” आहे. पुढे लागेल म्हणून एखादी गोष्ट आधीच करून ठेवायची. जपानी वर्गात बाकीचे हे रूप घोकत होते, मला एका मिनिटात कळलं.’

आणि डोक्यात प्रकाश पडला. आपण नेहमी काय म्हणतो? ‘ते पुस्तक घेऊन ठेवलंय.’ अप्पा बळवंत चौकातून पिशवी भरून आलेला कुठलाही माणूस हेच म्हणतो. ‘घेतलंय’ म्हटलं तर फक्त खरेदी झाली. ‘घेऊन ठेवलंय’ म्हटलं की त्यात पुढचा वेळ आला, इरादा आला, आणि अजून वाचलेलं नाही ही कबुलीही न बोलता आली. तीन दिवस आम्ही नाम शोधत होतो आणि काम करत होतं सहाय्यक क्रियापद.

इतकंच नाही. एकदा इकडे पाहायला लागल्यावर कळलं की पुस्तक किती दिवसांपासून उतरंडीत आहे हेही आपण क्रियापदावरून सांगतो. पहिले काही महिने ‘घेऊन ठेवलंय’. यात कर्ता मी, आवाज ताठ. वर्ष उलटलं की ‘घरात आहे’. इथे मी वाक्यातून हळूच बाहेर पडले. मग ‘पडून आहे’. ठेवलेलं पडलेलं कधी झालं, कुणालाच माहीत नसतं. कुणी पाडलेलं नसतं, पण एका दिवशी ते पडलेलं असतं. त्यापुढे ‘राहिलंय’. ‘अरे हो, ते वाचायचं राहिलंय माझं.’ आणि शेवटी, बहुधा लेखकाच्या निधनाच्या बातमीखाली, ‘राहूनच गेलं’.

‘राहणे’ या क्रियापदाबद्दल मला विशेष माया आहे. ‘मी वाचलं नाही’ हा कबुलीजबाब. ‘वाचायचं राहिलं’ यात गुन्हेगारच नाही. भाजीत मीठ घालायचं राहिलं, तसं. कुणी घालायचं होतं हे विचारायची सोय वाक्यात नाही, आणि नाही तेच बरं. शिवाय राहणे म्हणजे मुक्कामही. नातेवाईक राहिले, पाहुणे राहिले, तसं पुस्तक राहिलं. माझ्याकडची काही पुस्तकं गेली पंधरा वर्षं राहताहेत, घरातलीच झालीत.

‘राहिलंय’ आणि ‘राहून गेलं’ यांतलं अंतर दुबईच्या सभासदाने फार नेमकं दाखवलं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेतल्या पेट्या तिकडच्या मराठी मंडळींपर्यंत पोचतात. एक गट पेटी वाचतो, मग अदलाबदल होऊन ती पुढच्या गटाकडे जाते. ‘पेटी माझ्या गटात असेपर्यंत राहिलंय. पेटी पुढे गेली त्या दिवशी राहून गेलं. तारीख सांगता येते.’ स्वतःच्या कपाटातल्या पुस्तकाला ही तारीख नसते, म्हणून आपण वर्षानुवर्षं ‘राहिलंय’वर रेंगाळतो.

वाचून झाल्यानंतरच्या क्रियापदांवर वेगळी चर्चा व्हायला हवी, इथे फक्त दोन शब्द. ‘वाचून काढलं’ यात कष्ट आहेत, दिवस काढतात तसे. ‘वाचून टाकलं’ यात सुटका आहे. ‘वाचून काढलं’ हे मी ज्ञानकोशाच्या खंडाबद्दल म्हणेन, ‘वाचून टाकलं’ भाच्याने आग्रहाने दिलेल्या व्यवस्थापनाच्या पुस्तकाबद्दल. आणि मनापासून आवडलेल्या पुस्तकाबद्दल दोन्ही नाही. तिथे ‘संपलं’ म्हणते, आणि पुन्हा दोष कुणाचाच नाही.

काकांना आम्ही हे सगळं सांगितलं. त्यांचं समाधान झालेलं नाही. ‘हे वाक्प्रचार झाले. मी शब्द मागितला होता. स्टुलावरच्या त्या वस्तूला बोट दाखवून काय म्हणू?’ मी म्हटलं, उतरंड म्हणा. सध्या गटात तेच चालू आहे. ‘उतरंड’ म्हणून फोटो येतात, आणि खाली ज्याचं त्याने क्रियापद लावायचं.

विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या मंडळींकडून एक हवं आहे : तुमच्याकडे चवड आणि चळत दोन्ही चालतात का, की तिसराच काही शब्द आहे? इंदूर-बडोद्याकडचे मराठी लोकही सांगा.

आणखी एक जागा रिकामी आहे. दुसऱ्याच्या उतरंडीतून वाचायला म्हणून आणलेल्या पुस्तकाला काय म्हणायचं? माझ्याकडे असं एक आहे. पहिल्या पानावर शाईच्या पेनाने केलेली, ओळखीची सही आहे. ते माझं वाचून झालंय. द्यायचं राहिलंय.