कूलरच्या पाण्यापेक्षा मे महिन्याचं ऊन सांभाळा

कूलरच्या पाण्यानं फुगेल म्हणून नागपुरात घराच्या जमिनीवर व्हिनाइलच्या (प्लास्टिकच्या) पट्ट्या नकोत, असं काही जण म्हणतात. ते लॅमिनेटच्या, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांबद्दल खरं आहे, कारण त्याच्या पोटात लाकडाचा दाबलेला भुसा असतो. एसपीसी (स्टोन प्लास्टिक कंपोझिट) व्हिनाइलचा गाभा म्हणजे चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी, त्याला पाण्याचं काही सोयरसुतक नाही. आमच्याकडे कूलरची टाकी दोनदा रात्रभर ओसंडली, सकाळी पोछा मारला, विषय संपला. आईचे गुडघे दुखतात, तिला डिसेंबरात टाइल्सवर चप्पल घालूनही गारठा लागायचा. आता व्हिनाइलवर ती घरात अनवाणी फिरते.

पण उन्हाचं कुणीच बोललं नाही. आमच्या हॉलला पश्चिमेकडे बाल्कनीचा मोठा काचेचा दरवाजा आहे. पहिल्याच मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा, दरवाज्याजवळच्या चार पट्ट्या जोडावर तंबूसारख्या उभ्या राहिल्या. स्कर्टिंग काढून बघितलं तर मिस्त्रीनं पट्ट्या भिंतीला अगदी चिकटवून ठोकल्या होत्या. व्हिनाइल तापलं की पसरतं, त्याला कडेनं ८-१० मिमी मोकळी फट लागते, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. कडा कापून घेतल्या, दरवाज्याला जाड पडदा लावला, त्यानंतरचे दोन उन्हाळे काही झालं नाही. मिस्त्री अजूनही म्हणतो, "साहेब, माल हलका होता." माल तोच आहे बाप्पा, फट नव्हती!